माझी पिन तुटली नव्हती

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रॅक आहे. पुस्तकांचा नव्हे, भांड्यांचाही नव्हे. मोटारीच्या मागे टो बार नावाचा एक भक्कम लोखंडी दांडा असतो. त्याच्या टोकाला चौकोनी नळी असते आणि लोक तिला ट्रेलर जोडतात. त्या टो बारमध्ये मला खोचायचे आणि माझ्यावर अख्खी मोटारसायकल उभी करून न्यायची, हे माझे काम होते. होते असे म्हणतो, कारण आता ते काम मला कुणी सांगत नाही.

या गावात माझ्याबद्दल कुणालाही विचारा. तो सांगेल, "तो रॅक ना? त्याची पिन तुटली. मिस्त्रीचं काम कच्चं." आणि सांगेल अशा थाटात, की जणू अपघाताच्या वेळी तो माझ्याच शेजारी लोंबकळत होता. ही गोष्ट खोटी आहे. त्या खोट्यापायी एका चांगल्या कारागिराचे नाव मातीत गेले. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी स्वतःचे कौतुक करतात आणि मग तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात. माझ्यात तेवढी गोडी उरलेली नाही. मी काय झाले ते सांगतो, तुम्ही ऐका.

माझा जन्म मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये झाला. मिस्त्री वेल्डिंगचे काम करत. शाळेतला झोपाळा त्यांचा, दवाखान्याच्या उताराचा कठडा त्यांचा, निम्म्या गावाची फाटकेही त्यांचीच. बोलायला रोखठोक, कामाला चोख आणि चहाला कधीच वेळेवर न येणारे, असा हा माणूस. आत चहा निवायचा आणि त्यांची बायको दारात उभी राहून म्हणायची, "लोखंड काही पळून जात नाही. चहा जातो." तिला सगळे काकू म्हणत, म्हणून मीही म्हणतो.

दोन भाऊ मिस्त्रींकडे आले, तेव्हा मी कोपऱ्यात पडलेल्या चार चौकोनी नळ्या आणि एक पन्हळ एवढाच होतो. थोरला चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी चिखलातल्या शर्यतीत मोटारसायकल पळवायचा. त्या मोटारसायकलला ना दिवा, ना आरसा, ना नंबर. ती रस्त्यावर चालवायची परवानगीच नव्हती. शर्यतीचे मैदान साठ किलोमीटर दूर. तिला तिथवर न्यायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि मी त्याचे उत्तर होतो.

मिस्त्रींनी मला आठवडाभर घडवले. टो बारच्या चौकोनी नळीत सरकणारा एक दांडा, त्यावर आडवी पन्हळ, पन्हळीत दोन्ही चाके उभी राहणार, आणि दोन खांब, त्यांना पट्टे बांधायचे. दांडा नळीत सरकवला की दोघांची भोके समोरासमोर येतात. त्या भोकातून बोटाएवढी जाड पिन आरपार घालायची. ती सरकून बाहेर येऊ नये म्हणून तिच्या टोकाला एक बारीक भोक, आणि त्यात वाकवलेल्या तारेची एक क्लिप. बस्स. नव्वद किलोची मोटारसायकल आणि पंचवीस किलोचा मी, सगळे त्या बोटभर क्लिपच्या भरवशावर.

रंग लावण्याआधी मिस्त्रींनी मला वर्कशॉपच्या खांबाला अडकवले आणि स्वतः माझ्यावर बसले. मग हाक मारली, "अगं, जरा इकडे ये."

काकू पीठ लागलेले हात पुसत आल्या. "आता काय?"

"बस इथं, माझ्या शेजारी."

"लोक बघतील ना!"

"बघू देत. तू आणि मी मिळून एकशे तीस किलो होतो. हा वाकला नाही तर मी वर शंभर किलोचा शिक्का मारीन."

काकू बसल्या. दोघांचे पाय अधांतरी लोंबत होते. काकूंना इतके हसू आले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मी केसभरही वाकलो नाही. माझ्या आयुष्यातले ते पहिले ओझे, आणि खरे सांगायचे तर सर्वांत हलके.

मला न्यायला भाऊ आले त्या दिवशीची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मिस्त्रींच्या हातात चार कड्यांची एक छोटी साखळी होती. ते म्हणाले, "ही क्लिप अशी सुटी नको. साखळीनं रॅकला बांधून देतो. हरवायची नाही, विसरायची नाही."

थोरला हसला. "काका, आम्ही दोघं असतो की! हा क्लिप लावतो, मी विचारतो. आमचं ठरलेलंच असतं. साखळी कशाला?"

"अहो, हा रोज लिफ्टच्या कुलपांशी खेळतो," धाकट्याकडे बघत तो पुढे म्हणाला. "याला साखळी लावली तर याचा अपमान होईल."

सगळे हसले. मिस्त्रींनी साखळी खिळ्याला परत अडकवली. आयुष्यात त्यांनी दुसऱ्याचे ऐकून काम अर्धे सोडले ते एवढे एकदाच.

पण थोरला खोटे बोलत नव्हता, हे मला मान्य केले पाहिजे. पहिली तीन वर्षे त्यांचे काम बघण्यासारखे होते. सुट्टीच्या सकाळी शेडच्या भिंतीवरून मला उतरवत आणि नळीत सरकवत. थोरला डाव्या बाजूने पिन घालायचा. धाकटा उजवीकडे उकिडवा बसून क्लिप लावायचा. मग थोरला विचारायचा, "लागली?" धाकटा ओरडायचा, "लागली!" त्यावर थोरला माझ्या पाठीवर तळहाताने दोनदा थाप मारायचा. मगच फळीवरून मोटारसायकल चढायची, चार पट्टे आवळले जायचे आणि मागे लाल दिव्याची पाटी लागायची. एकदाही चुकले नाही. पाऊस असो, घाई असो, "लागली?", "लागली!" आणि दोन थापा. त्या थापांची मी वाट बघायचो.

थोरला पूर्वी स्वतः शर्यतीत उतरायचा. एका पडण्यात त्याचा गुडघा कायमचा आखडला. मग त्याने आपली सगळी हौस धाकट्यात ओतली. मैदानाच्या कडेला काठी टेकून उभा राहायचा आणि घसा फुटेपर्यंत ओरडायचा, "कोपर वर! वळणाच्या पुढे बघ, चाकाकडे नको!" घरी आल्यावर शेडमध्ये दोघे चिखल धूत बसत आणि थोरला प्रत्येक वळणाचा हिशेब घेई. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, दारातून म्हणायची, "त्या वळणावरून आता जेवणावर वळा." मीही त्या घरातला एक झालो होतो. धाकट्याला चषक मिळाला की तो घरी नेताना माझ्या खांबाला बांधत. लोक रस्त्यात थांबून विचारत, "कुणी बनवला हो हा?" आणि थोरला मोठ्या ऐटीत मिस्त्रींचे नाव सांगायचा.

चौथ्या वर्षी धाकट्याने मोठी शर्यत जिंकली. वर्तमानपत्रात फोटो आला. थोरला ते वर्तमानपत्र घेऊन शेडमध्ये आला आणि डब्यावर बसून मोठ्याने वाचू लागला. एका ओळीपाशी तो थांबला आणि तीच पुन्हा वाचली. बातमीदाराने धाकट्याला विचारले होते, तुम्ही कुणाकडून शिकलात? आणि धाकट्याने सांगितले होते, "कुणाकडून नाही. पडत पडत माझा मीच शिकलो."

थोरल्याने आदळआपट केली नाही. वर्तमानपत्राची नीट चौपदरी घडी घातली आणि ग्रीसच्या डब्याखाली सरकवली. जणू डबा डगमगत होता म्हणून ठेवली. त्या दिवसापासून तो धाकट्याशी बोलेनासा झाला.

संध्याकाळी धाकटा शेडमध्ये आला. त्याला ती घडी दिसली. मोटारसायकलच्या टाकीवरून फडके फिरवत तो पुटपुटला, "तोंडातून निघून गेलं. तसं म्हणायचं नव्हतं." हे त्याने टाकीला सांगितले. टाकी त्याच्यावर रागावलेली नव्हती. ज्याला सांगायचे तो दहा पावलांवर घरात बसला होता. तिथवर त्याचे पाय गेले नाहीत.

मित्रांनो, भांडण झाले असते तर बरे झाले असते. भांडणात माणसे निदान बोलतात. इथे अबोला होता, आणि तो चार महिने टिकला. एका घरात राहून हे दोघे वहिनीच्या तोंडून बोलायचे. "त्याला सांग, टायरमध्ये हवा कमी आहे." "त्यांना सांग, मी बघितली आहे." टायर दोघांच्या मधोमध आणि वहिनी स्वयंपाकघरात! एकदा ती झारा हातात घेऊनच बाहेर आली. "मी काय पोस्ट ऑफिस आहे? तोंडं आहेत ना दोघांना? का ती फक्त जेवायला ठेवली आहेत?" 

शर्यती मात्र थांबल्या नाहीत. थोरला मोटार चालवायचा, कारण त्याला तो आपला धर्म वाटे. मैदानावर मात्र तो काचा वर करून आत बसून राही. पिन तो घालायचा आणि क्लिप धाकटा लावायचा. फक्त "लागली?" हा प्रश्न बंद झाला. विचारायचे म्हणजे बोलायचे, आणि बोलायचे म्हणजे हरायचे. माझ्या पाठीवरच्या थापाही थांबल्या. मला तेव्हाच कळायला हवे होते, पण कळून तरी मी काय करणार होतो?

ती सकाळ मी विसरू शकत नाही. धाकट्याची निवडीची शर्यत होती. मला नळीत सरकवले. थोरल्याने डावीकडून पिन घातली आणि तो उभा राहिला. धाकटा उजवीकडे क्लिप हातात घेऊन बसला होता. आणि तो थांबला. मी त्याच्या अगदी जवळ होतो, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो प्रश्नाची वाट बघत होता. आज तरी दादा विचारेल, असे त्याला वाटले असावे. एक शब्द विचारला असता तर त्याने क्लिप लावली असती, आणि कदाचित चार महिने गिळलेले सगळे सांगून टाकले असते.

थोरला वर बघत होता. तो काय विचार करत होता कोण जाणे. कदाचित त्यालाही विचारायचे असेल.

तेवढ्यात वहिनीने आतून हाक मारली, "डबा न्या रे कुणीतरी!" थोरला जागचा हलला नाही. धाकटा चिडून उठला, क्लिप जॅकेटच्या खिशात टाकली आणि डबा आणायला गेला. परत आला तोवर थोरल्याने फळी लावून ठेवली होती. दोघांनी मोटारसायकल चढवली, पट्टे आवळले, पाटी लावली. धाकट्याला वाटले, सगळे झाले. थोरल्याला वाटले, सगळे झाले. मला माहीत होते की काहीच झालेले नाही, पण माणसांनी मला खांब दिले, भोके दिली, तोंड दिले नाही.

गुळगुळीत रस्त्यावर पिन जागेवर राहिली. पुढे खडबडीत रस्ता लागला. प्रत्येक धक्क्याला ती केसभर डावीकडे सरकू लागली. पिन अगदी मंद सरकते, मित्रांनो. तिला बाहेर पडायला वीसेक मिनिटे लागली. तेवढ्या वेळात मोटारीतल्या दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडून विचारले असते, "काय रे, क्लिप?" तरी पुरे होते. पण दोघे आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते.

पिन पडली. कडेच्या दगडावर टिंगकन वाजली आणि डावीकडच्या गवतात गेली. त्यानंतरही मी पाऊण किलोमीटर दम धरला. नळीच्या आत नुसत्या घर्षणावर टिकून होतो. मग चढावर एक मोठा खड्डा आला आणि मी मोटारसायकलसकट रस्त्यावर आलो.

मागून स्कूटरवर शाळेतल्या बाई येत होत्या. त्यांनी ब्रेक दाबला, पण जागा नव्हती. त्या पडल्या आणि त्यांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. माझी पन्हळ चेपली, एक खांब वाकला. माझे मला काही वाटले नाही. बाई मात्र रस्त्यावर बसून हात छातीशी धरून कण्हत होत्या, आणि ते मी आजही ऐकतो.

लोक जमले. बाईंना दवाखान्यात पाठवले. थोरला काठी टेकत आला आणि माझ्याजवळ वाकला. भोक रिकामे होते.  आणि मग चार महिन्यांनी त्याने धाकट्याला प्रश्न विचारला.

"क्लिप लावली होतीस ना?"

धाकट्याचा हात जॅकेटच्या खिशात होता. त्याची बोटे काय चाचपत होती ते मला माहीत होते. भोवती पंधरावीस माणसे उभी होती. रस्त्यावर बाईंची एक चप्पल पडली होती.

"लावली होती, दादा."

दादा! चार महिन्यांनी त्याने ती हाक मारली. थोरल्याचे डोळे भरून आले. त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाला, "म्हणजे पिनच तुटली. काम कच्चं होतं." असा त्या दोघांचा अबोला सुटला. ते दोघे एकमेकांना सावरत उभे होते, आणि मी रस्त्यावर पडून बघत होतो. घर जुळले, आणि त्याची झळ सोसायची होती मिस्त्रींना.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने मला वर्कशॉपसमोर आणून टाकले. "काका, तुमची पिन तुटली."

मिस्त्रींनी आधी विचारले, "बाई कशा आहेत?" मग ते खाली बसले, माझ्या भोकात बोट घालून फिरवले, चष्मा पुसून पुन्हा बघितले. "पिन तुटली असती तर भोकाची कड ओरबाडली असती. तुकडा आत अडकला असता. इथं काहीच नाही. पिन सरकून बाहेर आलीय. क्लिप कोण लावतं?"

"तो लावतो. आणि त्यानं लावली होती."

"तू बघितलीस?"

"काका, माझा भाऊ आहे तो."

"ते मला माहीत आहे. मी विचारतोय, तू बघितलीस का?"

थोरला काठी टेकत निघून गेला. गावाला मात्र त्याने आणि धाकट्याने एकच गोष्ट सांगितली, आणि गावाला ती आवडली. जिंकणारा मुलगा गावाचा लाडका होता. खापर फोडायला मिस्त्रींचे डोके जवळ होते.

मग मिस्त्री पिन शोधायला लागले. एका लांब काठीला त्यांनी मोठे लोहचुंबक बांधले आणि रोज सकाळी रस्त्याच्या कडेने, मान खाली घालून, गवतातून ते फिरवत चालायचे. पिन अखंड सापडली की सगळ्यांची तोंडे बंद होतील, एवढीच त्यांची आशा होती. त्यांना खिळे सापडले, नट सापडले, एक गंजलेली कात्री सापडली. पिन सापडली नाही. मोटारीतून जाणारे लोक काच खाली करून विचारत, "मिस्त्री, खजिना लागला का?" घरी येऊन ते पिशवी माझ्याजवळ रिकामी करत आणि आत जात. अडीच महिने हे चालले.

पिन ज्या सळईची होती तिचा तुकडा त्यांच्याकडे उरला होता. त्यांनी शाळेच्या हेडमास्तरांना वर्कशॉपमध्ये बोलावले, तुकडा वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि त्यांच्यासमोर घणाचे पंधरा घाव घातले. तुकडा जरासा वाकला, तुटला नाही. हेडमास्तर म्हणाले, "हा तुकडा चांगला असेल हो. तो खराब असेल." पुढच्या आठवड्यात शाळेने झोपाळा कापून काढला. बारा वर्षांत त्या झोपाळ्याची एक कडीही निघाली नव्हती. मुले रडली म्हणे. कठड्याच्या जोडांवर दवाखान्याने दुसऱ्या कारागिराकडून पुन्हा वेल्डिंग करून घेतले. तो मिस्त्रींच्याच हाताखाली शिकलेला होता, आणि त्याने चांगल्या जोडांवर निमूटपणे वाईट जोड चढवले. मिस्त्रींकडे आता बादल्यांच्या कड्या आणि स्टोव्हचे पाय येतात. तेही परगावचे लोक आणतात.

मला त्यांनी वर्कशॉपच्या मागे ठेवले. भंगारवाला दोनदा आला. मिस्त्री त्याला म्हणाले, "हा भंगार नाही. हा साक्षीदार आहे." मुका साक्षीदार काय कामाचा, हे त्याने विचारले नाही. मी मात्र स्वतःला रोज विचारत होतो.

दीड वर्ष गेले. एका थंड दुपारी थोरला आला. काठीचा आवाज मी लांबूनच ओळखला. त्याच्या अंगात धाकट्याचे ते जॅकेट होते. मिस्त्री माझ्याजवळ बसून कुठल्याशा बादलीला कडी लावत होते. थोरल्याने मूठ उघडली. तळहातावर माझी क्लिप होती. जशीच्या तशी, कुठे पिळलेली नाही, ताणलेलीही नाही.

"थंडी होती म्हणून त्याचं जुनं जॅकेट घातलं," तो म्हणाला. "खिसा आतून फाटलेला. अस्तरात काहीतरी टोचलं."

मिस्त्रींनी क्लिप हातात घेतली नाही. नुसती बघितली. "विचारलंस त्याला?"

"नाही."

"का?"

"काका, आत्ता कुठं घर सुरळीत झालंय. तो मला पुन्हा दादा म्हणतो. मैदानावर मी असल्याशिवाय उतरत नाही. विचारलं तर..." 

मिस्त्रींनी बादली खाली ठेवली. "म्हणजे तेव्हाही विचारलं नाहीस, आणि आताही विचारणार नाहीस."

थोरला रडू लागला. मला त्याची दया आली नाही, आणि हे मी लपवणार नाही. त्याने क्लिप माझ्या वाकलेल्या खांबावर ठेवली आणि म्हणाला, "मी सांगेन सगळ्यांना. बाईंना, हेडमास्तरांना. मला थोडा वेळ द्या."

"घे," मिस्त्री म्हणाले. "माझ्याकडे आता वेळच वेळ आहे."

तो गेल्यावर काकू बाहेर आल्या. त्यांनी दाराआडून सगळे ऐकले होते. "ही क्लिप घ्या आणि आत्ताच्या आत्ता हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन आपटा!"

"काय म्हणू? ही खिशात सापडली? कुणाच्या खिशात, कधी, कशावरून? म्हणतील, मिस्त्रीनं नवी क्लिप वाकवली आणि आणली. क्लिप बोलत नाही गं. ज्यांना तोंड आहे त्यांनी बोलायला पाहिजे."

"आणि ते नाही बोलले तर?"

मिस्त्री उठले. त्यांनी आतून घणाखाली वाकलेला तो सळईचा तुकडा आणला, सरळ केला, कापला, टोकाला भोक पाडले आणि त्याची नवी पिन केली. मग मागच्या भिंतीत एक चौकोनी नळी सिमेंटने पक्की बसवली. दोन दिवसांनी माझी चेपलेली पन्हळ ठोकून सपाट केली, तिच्यावर एक फळी बसवली, माझा दांडा त्या नळीत सरकवला आणि पिन घातली. खिळ्यावर साडेपाच वर्षे लटकलेली ती चार कड्यांची साखळी काढली आणि तिने क्लिप मला जोडून टाकली. आता ती कुणाच्याही खिशात जाणार नाही.

काकू चहाचे दोन पेले घेऊन आल्या. बसण्याआधी त्यांनी वाकून बघितले. "नीट लागली ना?"

"लागली," मिस्त्री म्हणाले.

आणि ते दोघे माझ्यावर बसले. या वेळी काकूंना हसू आले नाही. दोघांचे वजनही पूर्वीपेक्षा कमी भरले. मला ते लगेच कळले. आता रोज ते चहाला माझ्यावर बसतात. मिस्त्री आता चहाला वेळेवर येतात, कारण काम नाही. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की दोघे बोलता बोलता थांबतात. मोटार पुढे निघून जाते. थोरल्याने मागितलेल्या थोड्या वेळाला आता सात महिने झाले.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तू म्हणते, मला जपा, मला तेलपाणी करा, मला उन्हापावसात टाकू नका. मला त्यातले काही नको. गंज मला कणाकणाने खाईल, ते त्याचे काम आहे. मी तुमच्याकडे दोनच गोष्टी मागतो. पहिली अशी, की कुणाशी कितीही बिनसले तरी "लागली का?" एवढे विचारायचे सोडू नका. रुसवा राहू द्या, राग राहू द्या, पण तेवढे विचारा, आणि विचारले की खरे सांगा.

दुसरी गोष्ट जरा मेहनतीची आहे. माणसे बोलतील याचा मी आता भरवसा धरत नाही. पण तुम्ही मुले रस्त्याच्या कडेने चालता, वाकून बघता, सापडेल ते उचलता. मी पडलो त्या चढाच्या अलीकडे, पाऊण किलोमीटरवर, डाव्या बाजूच्या गवतात एक लोखंडी पिन पडली आहे. वीतभर लांब, बोटाएवढी जाड, टोकाला बारीक भोक. गंजली असेल. ती सापडली तर मिस्त्रींना आणून द्या. मागच्या भिंतीपाशी या, चहाच्या वेळी दोघेही तिथे असतात. पिन त्यांच्या हातात ठेवा आणि त्यांना ती दोन्ही टोकांपर्यंत नीट बघू द्या. ती तुटलेली नाही.